तीन देशांचं धरण आणि एक चवळीखाऊ

"मयेकर, तुमच्या अपमानाची चौकशी उद्या आहे," माझ्या बॉस गायकवाड मॅडम फोनवर म्हणाल्या. "त्या माणसाला शिफ्टवरून बाजूला केलंय. तुम्ही फक्त खरं काय ते सांगायचं."

मी तेव्हा अंगणात शिडीवर उभा राहून पताका बांधत होतो. शिमगा चालू होता आणि दुसऱ्या दिवशी देवीची पालखी आमच्या घरी यायची होती. शिडी माझ्या मेहुण्याने, विजयने धरली होती. म्हणजे त्याचा एक हात शिडीला होता आणि दुसऱ्या हातात माझ्या वाटणीचा चहा होता. माझा अपमान झाल्याचं मला काही आठवेना. तसे माझे अपमान बरेच होतात, पण त्यांची चौकशी आजवर कोणी केली नव्हती.

"कुठल्या माणसाला, मॅडम?"

"त्राओरेला. तुमचा टेक्निकल सल्ला धुडकावून तुम्हाला शिव्या देणाऱ्याला."

मी शिडीवरून खाली आलो. उतरलो म्हणत नाही, कारण शेवटच्या दोन पायऱ्या मी घेतल्याच नाहीत.

आता थोडं मागचं सांगायला हवं. मी पाण्यावर चालणाऱ्या टर्बाइनचा माणूस. आयुष्य वीज केंद्रांमध्ये गेलं. मधली काही वर्षं अंजनवेलच्या बाजूला गॅसवरच्या प्लांटमध्येही काढली, पण जीव पाण्यातच रमला. आता एका कंपनीसाठी परदेशातल्या मशीनच्या ओव्हरहॉलवर जातो. ओव्हरहॉल म्हणजे मशीन पूर्ण खोलायचं, झिजलेलं बदलायचं आणि परत बसवायचं. बसवल्यावर एखादा नट उरला की रात्रभर झोप येत नाही, एवढंच त्यातलं अवघड.

यावेळचं काम पश्चिम आफ्रिकेत होतं. मालीतलं एक मोठं धरण. पण ते एकट्या मालीचं नाही. माली, सेनेगल आणि मॉरिटानिया अशा तीन शेजारी देशांनी मिळून ते बांधलं, तिघे मिळून चालवतात आणि तयार होणारी वीज ठरलेल्या वाट्यानं तिघांकडे जाते. आमच्याकडे दोन भावांत एका विहिरीचं पाणी वाटून घ्यायचं म्हटलं तर तिसरी पिढी कोर्टात असते. त्यामुळे मला या लोकांचं पहिल्यापासून कौतुक वाटलं. भांडणं त्यांच्यातही होतात, पण विहीर चालू ठेवून होतात.

त्राओरे तिथला शिफ्ट इन्चार्ज. कंट्रोल रूम त्याच्या ताब्यात. कुठलं मशीन किती लोडवर चालवायचं, म्हणजे त्यातून किती वीज काढायची, हे त्याच्या हातात. ठेंगणा, गोल, पन्नाशीचा माणूस. इस्त्रीचा शर्ट आणि पायात घरच्या सपाता. पहिल्याच दिवशी त्याने मला आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्याने ते तोंडात घोळवून पाहिलं, दोन-तीनदा कुठे कुठे आपटलं आणि सोडून दिलं. मग कंट्रोल रूममधल्या सगळ्यांना जाहीर केलं की आजपासून हा दियारा.

सगळे हसले. आमची दुभाषी आयसाता, ही सेनेगलची तरुण इंजिनिअर, फ्रेंचचं इंग्रजी करून मला देत असे. ती म्हणाली, दियारा हे फार जुनं, मानाचं आडनाव आहे, परक्या पाहुण्याला आपल्यात घेताना असं नाव देतात. मला बरं वाटलं. जन्मभर मयेकर राहून जे मिळालं नव्हतं ते एका मिनिटात मिळालं.

एवढ्यात त्राओरे पुढे म्हणाला, "दियारा म्हणजे चवळीखाऊ. याला मशीनजवळ एकटा सोडू नका."

त्या दिवसापासून हे रोजचं झालं. मी आलो की "आला चवळीखाऊ." मी जेवायला गेलो की "चवळी संपवू नको." मी चुकून खुर्चीवर बसताना ती करकरली तर विचारूच नका. चवळी तर तिकडे घरोघरी शिजते, मग यात शिवी कुठे आहे ते मला कळेना. शेवटी आयसाताने मान दुसरीकडे वळवून पोटावरून हात फिरवला आणि चवळीचा पुढचा प्रवास सुचवला. तेव्हा कळलं. "आमच्याकडे हे चालतंच, मनाला लावून घेऊ नका," ती म्हणाली. मी लावून घेतलं नाही. परदेशात गेलं की मी फार सभ्य होतो. दर वेळी दात न दाखवता थोडंसं हसायचो आणि पुढे जायचो.

रजेवर निघायच्या आदल्या संध्याकाळी मात्र एक गोष्ट झाली.

जलविद्युतच्या मशीनमध्ये खाली पाण्याने फिरणारं चक्र, वर जनरेटर आणि मधे उभा शाफ्ट असतो. हे सगळं फिरतं धूड एका बेअरिंगवर बसलेलं असतं. त्याला थ्रस्ट बेअरिंग म्हणतात. बसलेलं म्हणजे धातूवर धातू नव्हे. मधे तेलाचा पापुद्रा असतो आणि सगळं वजन त्या तेलावर तरंगतं. घरी समजावताना मी घावनाचा दाखला देतो. तव्यावर तेल आहे तोवर घावन अलगद सुटतो. तेल तुटलं की घावन तव्याचाच होतो. फरक इतकाच, की घावन खरवडून काढता येतो. बेअरिंग चिकटलं तर मशीन कित्येक महिने बंद.

ते तेल थंड ठेवायला त्यात पाण्याच्या नळ्या सोडलेल्या असतात. पाणी धरणातलंच, गाळणीतून येणारं. त्या संध्याकाळी तीन नंबरच्या मशीनवर बेअरिंगचं तापमान हळूहळू चढताना मला दिसलं. अलार्म वाजण्याइतकं नव्हतं. पण चढत होतं, आणि खाली जाऊन कान लावला तर घरघर नेहमीपेक्षा जड वाटली. ओव्हरहॉलसाठी एक मशीन आम्हीच उघडून ठेवलेलं, म्हणजे बाकीच्यांवर आधीच ताण. मी कंट्रोल रूममध्ये आलो आणि त्राओरेला म्हणालो, तीन नंबरचा लोड उतरव, मला आवाज बरा वाटत नाही.

तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "दियारा, तो आवाज मशीनचा नाही. तुझ्या पोटातल्या चवळीचा आहे."

सगळी कंट्रोल रूम हसली. मी एरवीसारखा हसलो आणि बॅग भरायला गेस्ट हाउसवर गेलो. थोडा फणफणलेलाच. कामाच्या बाबतीत मी मानी आहे. इतर बाबतींत परवडत नाही म्हणून सगळा मान कामातच साठवतो.

सकाळी निघण्याआधी कंट्रोल रूममध्ये डोकावलो. त्राओरेची शिफ्ट संपली होती. तापमान उतरलेलं होतं. कसं उतरलं, हे विचारायला हवं होतं. पण बाहेर एअरपोर्टची गाडी हॉर्न देत होती आणि डोळ्यांपुढे शिमगा होता. अशा वेळी मशीन बरं दिसलं की माणूस डॉक्टरला काय औषध दिलं ते विचारत बसत नाही.

घरी आलो. आमचं घर पूर्णगडच्या अलीकडच्या वाडीत. पहिल्याच संध्याकाळी पडवीत बैठक जमली. बायको, सासूबाई, विजय, शेजारचे दोघे. मी आफ्रिकेच्या गोष्टी सांगत होतो आणि गोष्ट नेमकी चवळीवर आलेली. त्यातच गायकवाड मॅडमचा फोन आला, मशीन कसं होतं विचारायला. समोर एवढे श्रोते असताना मी आवाज बदलला नाही आणि सूरही बदलला नाही. मॅडमना सगळं सांगितलं आणि समोरचे हसतायत म्हणून थोडं वाढवूनही सांगितलं. तो कसा टेबलावर पाय टाकून बसलेला (तो पाय टाकून बसत नाही, त्याचे पाय टेबलापर्यंत पोचत नाहीत). मी कसा तळमळून सांगत होतो आणि तो कसा ढिम्म हलला नाही. पडवी खूश झाली. मॅडम हसल्या नाहीत. मला वाटलं रेंज गेली.

गायकवाड मॅडम सोलापूरच्या. सरळ माणूस. ऐकलेल्या गोष्टीतलं मीठ वेगळं काढायची सवय त्यांना नाही, कारण त्या स्वतः मीठ घालतच नाहीत. शिवाय नोकरीच्या सुरुवातीला साइटवर एकट्या बाई म्हणून त्यांनी बरंच ऐकून घेतलेलं आहे आणि तेव्हा त्यांच्या बाजूने कोणी उभं राहिलं नव्हतं. म्हणून आपल्या माणसाचा अपमान झाला की त्या थांबत नाहीत. त्याच दिवशी त्यांनी धरण चालवणाऱ्या तीन देशांच्या कार्यालयाकडे कंपनीतर्फे रीतसर तक्रार धाडली. आमच्या सल्लागाराचा सुरक्षेबाबतचा सल्ला शिवीगाळ करून फेटाळण्यात आला. एकेक शब्द माझाच होता, फक्त हसू काढून टाकलेलं.

शिडीवरून आल्यावर मी त्यांना समजवायचा प्रयत्न केला. म्हणालो, मॅडम, ती तशी चेष्टाच होती.

"मयेकर, दबाव आलाय का तुमच्यावर?"

"नाही हो. मीच जरा रंगवून सांगितलं."

"हे बघा, घाबरून मागं सरकू नका. मी आहे उद्या कॉलवर."

फोन ठेवला आणि आयसाताला लावला. ती नेहमी भरभर बोलते. त्या दिवशी सावकाश बोलली. दोषी ठरला तर त्राओरेला धरणावरून हलवणार होते. शिफ्ट इन्चार्ज म्हणून मिळालेलं घर सुटणार होतं. त्या जागेसाठी तो अर्धं आयुष्य थांबला होता.

"माझ्याबद्दल काय म्हणाला तो?" मी विचारलं.

"काहीच नाही. तुमचं नावही घेतलं नाही," ती म्हणाली. "मला तेच बरं वाटत नाही."

मी पडवीत येऊन बसलो. विजय तिथेच होता. हा माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. पूर्णगडला त्याचा मासळीचा टेम्पो आहे. लग्नात मी घोड्यावरून चुकीच्या बाजूने उतरलो त्या दिवसापासून तो मला बोलतो आहे. माझं टक्कल, माझं पोहणं, माझं फ्रेंच. मीही त्याला सोडत नाही. त्याच्या टेम्पोचा वास त्याच्या आधी घरी पोचतो, हे मी गावात सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. मी झाला प्रकार सांगितला. यावेळी मीठ न घालता.

त्याने विचारलं, "भावोजी, इतकी वर्षा मी तुम्हाला काय काय बोलतोय. माझी तक्रार केलात कधी?"

"तुझी तक्रार घ्यायला कोण बसलंय?"

"तसा नाय. तुम्ही मला उलटा बोलता. त्या माणसाला काय बोललात?"

"काही नाही. हसलो."

विजयने कप खाली ठेवला. माझा चहा अर्धवट टाकण्याची त्याची ती पहिलीच वेळ. "काय नाय बोललात? मग त्याने समजायचा काय?"

सुलभा, म्हणजे माझी बायको, दारात उभी राहून ऐकत होती. तिने सगळं एका वाक्यात सांगितलं. "व्याह्यांनी थट्टा केली आणि आपण नुसतं तोंड मिटून हसलो, तर त्यांच्याकडे काय म्हणतात? पाहुणे रुसले म्हणतात."

मी परत आयसाताला फोन लावला आणि जो प्रश्न पहिल्या दिवशी विचारायचा तो आता विचारला. हे नक्की काय आहे?

मग तिने नीट सांगितलं. त्यांच्याकडे काही आडनावांची काही आडनावांशी पिढ्यान्‌पिढ्यांची थट्टेची सोयरीक असते. त्राओरे आणि दियारा ही त्यातली जोडी. एकमेकांना कुठेही, कुणासमोरही, काहीही बोलावं. राग धरायचा नाही. आणि अट अशी, की ज्याला बोललं त्याने परत बोलायचं. बाजारात, कचेरीत, अगदी मयतातसुद्धा. दोघांत खरं भांडण होऊ नये म्हणून हे खोटं भांडण चालू ठेवायचं. त्राओरेने मला मुद्दाम दियारा नाव दिलं होतं. त्याला मला बोलता यावं म्हणून. आणि मला त्याला बोलता यावं म्हणून.

"आणि मी इतके दिवस काहीच बोललो नाही."

"आम्हाला वाटायचं, तुम्ही काहीतरी फार मोठं तयार करताय," आयसाता म्हणाली.

मी विचारलं, उद्या नुसतं सांगितलं की मला राग आला नव्हता, तर? ती म्हणाली, कोणी विश्वास ठेवणार नाही. कंपनीची तक्रार कागदावर आहे. पाहुणा भिडेखातर मागे घेतोय म्हणतील. "दियाराला राग आलेला नाही याचा पुरावा एकच असतो," ती म्हणाली, आणि तो काय ते तिने सांगायची गरज नव्हती.

त्या रात्री मी शिव्या पाठ केल्या. शिमग्यात आमच्याकडे फाका देतात, म्हणजे देवाच्या नावाने मोठ्याने शिव्या. त्यांचाही राग धरायचा नसतो. लहानपणी मी त्यात पुढे असायचो. पण त्यांतली एकही फ्रेंचमध्ये, चौकशी समितीसमोर, सासूबाई घरात असताना देण्यासारखी नव्हती. विजयने काही सुचवल्या. त्या मराठीतही देण्यासारख्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी कॉल सुरू झाला. मी पडवीत लॅपटॉप मांडला. स्क्रीनवर तीन देशांचे तीन प्रतिनिधी. अध्यक्ष मॉरिटानियाचे, पांढऱ्या झग्यातले गंभीर गृहस्थ. सेनेगलचे दिओपसाहेब, चष्मा नाकावर, चेहऱ्यावर आदल्या आठवड्याचा राग. मालीच्या एक बाई, सतत काहीतरी लिहिणाऱ्या. एका चौकोनात गायकवाड मॅडम. एकात आयसाता. आणि कोपऱ्यातल्या चौकोनात त्राओरे. शर्ट कडक इस्त्रीचा. मान खाली. त्याला असं कधी पाहिलं नव्हतं.

अध्यक्षांनी सुरुवात केली आणि तेवढ्यात शेजारच्या वाडीत ढोल वाजला.

"हा आवाज कसला?" अध्यक्षांनी विचारलं.

मी म्हणालो, "देवी येतेय. आमच्या घरी."

आयसाताने ते फ्रेंचमध्ये सांगितलं. अध्यक्षांनी छातीवर हात ठेवून मान लववली. "मग देव यायच्या आत आपण आटपू या," ते म्हणाले. इतका समजूतदार अध्यक्ष मी आमच्या सोसायटीतही पाहिलेला नाही.

आधी मॅडमनी तक्रार मांडली. सल्ला दिला, तो फेटाळला, वर शिवीगाळ केली. मग दिओपसाहेबांनी त्यांची वेगळीच तक्रार काढली. त्याच संध्याकाळी सेनेगलकडे येणारी वीज अचानक कमी झाली. आधी कळवलं नाही. त्यांना धावपळ करून दुसरीकडची केंद्रं वर आणावी लागली. हा ऑपरेटर बेजबाबदार आहे, हे त्यांचं म्हणणं.

हे मी पहिल्यांदा ऐकत होतो. कानावरून जाऊ दिलं. मग परत आणलं. वीज कमी झाली? त्याच संध्याकाळी?

"एक मिनिट," मी म्हणालो. "वीज कमी झाली ती मी कंट्रोल रूममधून निघाल्यानंतर का?"

दिओपसाहेबांनी वेळ सांगितली. मी गेस्ट हाउसवर बॅगेत कपडे कोंबत होतो तीच वेळ.

"मग लोड उतरवला होता," मी म्हणालो. "लोड उतरवल्याशिवाय तुमची वीज कमी होणारच नाही. म्हणजे माझा सल्ला फेटाळला ही तक्रार खोटी ठरते. आणि सल्ला मीच दिला होता, म्हणजे बेजबाबदारपणाची तक्रारही खोटी. बेअरिंगला धोका असला तर ऑपरेटरला आधी लोड उतरवून मग कळवता येतं."

मालीच्या बाईंनी लिहिलेली एक ओळ खोडली. दोन तक्रारी होत्या आणि दोघींनी एकमेकींना खाऊन टाकलं होतं. हे माझ्या आधी एवढ्या शहाण्या माणसांतल्या कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण एक तक्रार रत्नागिरीहून निघाली होती आणि दुसरी सेनेगलहून, आणि आजपर्यंत दोघींची गाठच पडली नव्हती.

अध्यक्षांनी त्राओरेला विचारलं. तो मान वर न करता बोलला. होय, सल्लागार बाहेर पडले तसा लोड उतरवला. पाण्याची गाळणी शेवाळाने बंद झाली होती, ती साफ करून घेतली. सेनेगलला फोन केला होता, पण लाइन लागायला वेळ गेला. इतकंच. माझ्याकडे बघितलं नाही.

अध्यक्ष म्हणाले, तांत्रिक बाब संपली. मला हुश्श वाटणार, तेवढ्यात त्यांनी दुसरा कागद उचलला. पण कंपनीच्या सल्लागाराला, परदेशी पाहुण्याला, सर्वांसमोर अपमानास्पद शब्द वापरले, हा भाग उरतो. त्यांनी थेट विचारलं, "त्यांनी तुम्हाला चवळी खाणारा म्हटलं?"

"म्हटलं."

"तुमच्या पोटाबद्दल बोलले?"

"बोलले."

मॅडम मान हलवत होत्या, बोला मयेकर, मी आहे. ढोल आता आमच्या पाणंदीत आला होता. रात्रभर पाठ केलेलं सगळं फ्रेंच पुसलं गेलं. दाराआडून विजय हाताने खुणा करत होता. त्यातली एकही उपयोगाची नव्हती. मग मी इंग्रजीतच बोललो, आयसाताच्या भरवशावर.

"अध्यक्षसाहेब, मी दियारा आहे. चवळी खातो. माझा बाप खायचा. आज माझ्या घरी देव येतोय, तरी चुलीवर चवळीची उसळ आहे. पण या त्राओरेला विचारा, त्याचं पोट एवढं का सुटलंय? माझ्या ताटातली चवळी चोरून. मी दोन महिने गप्प राहिलो ते रागाने नाही. आमच्याकडे चोराला जेवताना टोकत नाहीत."

आयसाताने भाषांतर केलं. शेवटचं वाक्य करताना तिचा आवाज हलला.

कोणी हसलं नाही. मॅडमनी कपाळाला हात लावला. मालीच्या बाईंचं पेन थांबलं. मला वाटलं, संपलं. आता दोघांची नोकरी गेली.

आणि दिओपसाहेबांनी चष्मा काढला.

"चोर?" ते म्हणाले. "दियारा आम्हाला चोर म्हणणार? अध्यक्षसाहेब, या चवळीखाऊला धरणावर घेतलं कुणी? याला पाणी दिलंत तर हा त्यात चवळी भिजत घालेल."

हे मला नंतर समजलं. मालीतले त्राओरे तेच सेनेगलमधले दिओप. आडनाव नदी ओलांडून गेलं तसं बदललं, पण सोयरीक तीच राहिली. मी त्राओरेला मारलेला दगड दिओपसाहेबांनाही लागला होता आणि उलट मारल्याशिवाय त्यांना गत्यंतर नव्हतं. मग आयसाता, आडनावाने न्दिआय, म्हणजे सेनेगलमधली दियाराच, भाषांतर सोडून माझ्या बाजूने उतरली. मालीच्या बाई डोळे पुसत होत्या. अध्यक्षांनी दोनदा टेबल वाजवलं आणि मग तेही थांबले, कारण वाजवणाऱ्या हातानेच त्यांनी तोंड झाकलं होतं.

मी कोपऱ्यातल्या चौकोनाकडे बघत होतो. त्राओरेने मान वर केली होती. तो हसत नव्हता. एखादं मशीन थांबता थांबता परत फिरायला लागतं तेव्हा आम्ही जसे श्वास धरून बघतो तसा माझ्याकडे बघत होता.

"दियारा," तो म्हणाला, "एवढंच बोलायला दोन महिने लागले? चवळीसुद्धा याहून लवकर शिजते."

तक्रार तिथेच मागे पडली. मॅडमनी माइक बंद करून मला फोन लावला. "मयेकर, हे काय चाललंय?"

मी म्हणालो, "मॅडम, सोयरीक जुळली."

त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी मला आधी सांगत जा, कुठली गोष्ट आहे आणि कुठला रिपोर्ट." आणि तक्रार मागे घेत असल्याचं त्यांनी स्वतः अध्यक्षांना सांगितलं. त्यांचं हे मी मानतो. मागे घेतानाही त्यांचा आवाज तितकाच ठाम होता.

लॅपटॉप बंद केला तेव्हा पालखी अंगणात आली होती. ओटी भरून झाल्यावर सुलभाने हळूच विचारलं, काय मागितलंत देवीकडे? मी म्हणालो, मागायचं ते मिळालंय. विजय म्हणाला, मग फ्रेंच तरी मागायचा.

रजा संपवून परत गेलो तेव्हा बॅगेत कुळथाचं पीठ आणि दोन किलो चवळी होती. कंट्रोल रूममध्ये शिरलो. त्राओरे आपल्या जागेवर, सपाता घालून. मला बघून उठला. "बाँजूर, मस्यू मयेकर," म्हणाला. आडनाव अगदी स्पष्ट, सगळी अक्षरं जागच्या जागी. त्याने ते घोकून ठेवलं होतं. म्हणजे आता मी पाहुणा. नोकरी वाचली, पण सोयरीक गेली. सकाळभर तो तसाच, जी हो, जी नाही. मी तीन नंबरच्या मशीनवर जाऊन तापमान बघितलं, आवाज ऐकला, सगळं ठीक.

दुपारी चवळीची पिशवी त्याच्या टेबलावर ठेवली आणि म्हणालो, "त्राओरे, चोरायला जड जाऊ नये म्हणून घरपोच आणलीय."

त्याने पिशवी उघडली. एक दाणा काढला, उजेडात धरला, उलटसुलट बघितला. कंट्रोल रूममधले सगळे आपापल्या स्क्रीनकडे बघत असल्यासारखे बसले होते.

"याच्या देशात चवळीसुद्धा याच्यासारखीच आहे," तो सगळ्यांना म्हणाला. "बारीक आहे आणि भिजायला वेळ लावते." म्हणजे सकाळपासून तो माझ्याच पहिल्या टोमण्याची वाट बघत होता.

मी गेस्ट हाउसवर आलो आणि मॅडमना फोन केला. त्यांनी विचारलं, काय स्थिती? पोटभर सांगण्यासारखं होतं. पण मी म्हणालो, "तीन नंबर फुल लोडवर. बेअरिंग टेम्परेचर नॉर्मल."

"आणि?"

"आणि काही नाही, मॅडम. बाकीचं घरी सांगेन."

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी शिकलो ते एवढंच. बॉसला आकडे सांगावेत आणि मेहुण्याला गोष्ट. उलट केलं तर तीन देश गोळा होतात.